सोळावं अक्षर

त्या दिवशी दुपारी नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या पेढीवर कूलरचं पाणी संपलं होतं. नुसता गरम वारा फेकत होता तो, आणि समोरचे कागद उडू नयेत म्हणून मी एका गठ्ठ्यावर पंचिंग मशीन आणि दुसऱ्यावर पाण्याची बाटली ठेवली होती. एक गठ्ठा आमच्या खरेदीच्या रजिस्टरचा, दुसरा जीएसटीच्या पोर्टलवरून काढलेल्या टू-बीचा, म्हणजे माल विकणाऱ्या पार्ट्यांनी तिथं चढवलेल्या बिलांच्या यादीचा. इकडच्या बिलाखाली फूटपट्टी धरायची, तिकडच्या यादीत तेच बिल शोधायचं, रक्कम जुळली की दोन्हीकडे पेन्सिलनं बारीक टिक करायची. पेढीत जे हिशेबाचं काम करतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. चौदा तारखेला टू-बी तयार होते, वीस तारखेला थ्री-बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायची असते, आणि मधल्या सहा दिवसांत ज्या बिलाचा पत्ता लागला नाही त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. माझी नव्वदेक बिलं झाली होती, सव्वादोनशे राहिली होती. आमच्याकडे नुकताच लागलेला बीकॉमचा पोरगा पावतीवर सही घ्यायला आला आणि सही झाल्यावरही तिथंच उभा राहिला. फूटपट्टी चार ओळी खाली सरकेपर्यंत पाहत होता. मग हळूच म्हणाला, "काकू, हे एक्सेलमध्ये व्हीलुकअपनं होऊन जाते न. दोन मिनिटं नाही लागत."

मी मान वर न करता म्हटलं, "माहीत आहे रे. मला असंच बरं पडते."

मला माहीत नव्हतं. शब्द कानावरून गेलेला होता, पण ते काय करतं, कुठे असतं, कसं लिहायचं, काहीच ठाऊक नव्हतं. पोरगा बिचारा "हो का" म्हणून गेला. त्याच्या बोलण्यात कसलाच टोमणा नव्हता. मला लागलं ते माझंच उत्तर. सेहेचाळीस वर्षांची बाई, एकोणीस वर्षं एका पेढीचा हिशेब सांभाळते, आणि तेवीस वर्षांच्या पोरासमोर इतक्या सहज खोटं बोलते. संध्याकाळी साडेआठला शटर ओढून निघाले तेव्हाही ते वाक्य घशात अडकल्यासारखं होतं. रात्री जेवण झाल्यावर मी एक हिशेब केला, जो तोवर कधी केला नव्हता. टू-बी २०२० मध्ये आलं. तेव्हापासून पाच वर्षं, दर महिन्याला सहा दिवस, रोज दोन-अडीच तास जास्तीचे. तीनशे साठ संध्याकाळी. २०२० मध्ये माझी मुलगी आठवीत होती. आता तिची बारावी संपली होती आणि पुण्याच्या कॉलेजचे फॉर्म भरणं चाललं होतं. आठवी ते बारावी. महिन्यातले ते सहा दिवस कुकर तिनंच लावला, यांची दुसरी पाळी असली की जेवलीही एकटीच, आणि मी पोचेपर्यंत पुस्तक छातीवर ठेवून झोपलेली असायची. दोन मिनिटं लागत नाहीत म्हणे.

मला हे येत नाही हे इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही, याचा विचार करत गेले तेव्हा महालातल्या आमच्या घरापर्यंत जाऊन पोचले. वाड्याच्या पुढच्या दोन खोल्यांत बाबांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. चौदा मशीन, नऊ इंग्रजी आणि पाच मराठी, बहुतेक रेमिंग्टन आणि गोदरेज. सकाळी सहाला पहिली बॅच, रात्री नऊला शेवटची. आमच्या घरात शांतता अशी नसायचीच. होता तो चौदा मशीनचा एकत्र आवाज, आणि त्यात मध्येच कुठल्या तरी कॅरेजची घंटी. मशीन ऑइलचा, शाईच्या रिबनचा आणि मेणकागदाचा वास आईच्या फोडणीच्या वासात मिसळलेला असायचा. मी शाळेत अक्षरं गिरवायच्या आधी बोटांनी 'ए एस डी एफ जी एफ' शिकले. बाबा माझ्या हातांवर जुना पंचा टाकायचे, म्हणजे कीबोर्ड दिसू नये. "डोळे कागदावर. बोटाला आपली जागा माहीत असते," हे त्यांचं वाक्य. आणि दुसरं, अंगठ्याचं: "शब्द संपला की अंगठा पडलाच पाहिजे." शब्दानंतर एक जागा, पूर्णविरामानंतर दोन. अंगठा पडला नाही तर ते मागून लाकडी पट्टीनं टेबलावर टक् असा आवाज करायचे. हाताला पट्टी कधी लागली नाही, पण तो टक् मला आजही ऐकू येतो. खोडरबर घेऊन परीक्षेला बसता येत नसे. जे उमटलं ते उमटलं, पुढे चला. चुका मोजल्या जात आणि वेळ मोजला जाई. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस मी कॉलेजात असतानाच पास झाले, आणि खरा वेग त्याच्या कितीतरी पुढे गेला होता.

याच वेगानं मला नोकरी मिळाली. मुलाखतीत शेठजींनी एक पत्र सांगितलं आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत ते टाइप झालेलं होतं. तेव्हापासून पेढीवर मी 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम'. स्क्रीनकडे पाहत, कीबोर्डकडे न बघता मी सपासप आकडे भरायची आणि बघणाऱ्याला वाटायचं, हिला सगळं येतं. मलाही तसंच वाटायला लागलं. वेगात केलेलं काम नीटच केलेलं असणार असं मी धरून चालले. एमएस-सीआयटी मी केली होती, मुलीच्या जन्माआधी, सरकारी जागेचा फॉर्म भरायला सर्टिफिकेट लागतं म्हणून. त्या कोर्सनं माझ्यासारख्या हजारो बायकांच्या मनातली संगणकाची भीती घालवली, ते ऋण मी विसरत नाही. पण भीती गेल्यावर मी पुढे गेले नाही. एक्सेलची शीट माझ्यासाठी आखलेला कागद होती. चौकटी होत्या, त्यात मी टाइप करत होते. बेरजा ऑटोसमनं यायच्या, बाकी सगळं माझ्या डोक्यात आणि पेन्सिलीत. बोटं हळू चालली असती तर कुणीतरी दहा वर्षांपूर्वीच जवळ येऊन म्हटलं असतं, थांबा, हे असं करा. बोटं धावत होती, म्हणून कुणी थांबवलं नाही.

मे महिन्यात शंकरनगरजवळच्या एका क्लासमध्ये नाव घातलं. सकाळी सातची बॅच. क्लास सुटला की शंकरनगर चौकातून मेट्रो पकडायची, अग्रसेन चौकात उतरायचं आणि चालत पेढीवर. नागपूरचा मे म्हणजे सकाळी साडेआठलाच ऊन पाठीवर हात ठेवून उभं असतं. क्लासमध्ये सगळी पोरं बीकॉम-बीबीएची, शिकवणारी मुलगी सव्वीस-सत्तावीसची. मी तिला मॅडम म्हणायची आणि ती मला ताई. परीक्षा होती मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्टची, एक्सेलची, पहिली पायरी, असोसिएट म्हणतात ती. आणि तिथं पहिल्याच दिवशी कळलं की ज्याच्यासाठी मी आले होते ते व्हीलुकअप या पायरीच्या अभ्यासक्रमात नाहीच, ते पुढच्या एक्स्पर्टच्या परीक्षेत आहे. इथं शीट आणि वर्कबुक सांभाळणं, सेल आणि रेंज, टेबलं, साधी सूत्रं आणि फंक्शन्स, आणि चार्ट. पैसे भरले होते, मन खट्टू झालं. मॅडम म्हणाल्या, "ताई, लुकअप मी तुम्हाला क्लासनंतर दाखवते. पण आधी हे करा. हे नाही केलं तर ते चालते, पण कधी बंद पडलं तर काऊन बंद पडलं ते कळत नाही."

त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते जूनमध्ये कळलं. त्याआधीचे पंधरा-वीस दिवस मी एखाद्या जुन्या घरात नव्या खोल्या सापडाव्यात तशी वावरत होते. कंट्रोल धरून खालचा बाण दाबला तर रिकाम्या शीटमध्ये आपण थेट शेवटच्या ओळीवर जातो, आणि ती ओळ १०,४८,५७६ वी असते. एकोणीस वर्षं मी या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बसून होते. सूत्रातलं डॉलरचं चिन्ह पैशाचं नसतं, त्यानं सेलचा पत्ता जागेवर बांधला जातो. एफ-फोर दाबला की ते येतं, आणि मग सूत्र खाली ओढलं तरी तो पत्ता हलत नाही. तारीख म्हणजे आतून एक आकडाच असतो, १ जानेवारी १९०० पासून मोजत आलेला, म्हणून दोन तारखांची वजाबाकी करता येते आणि कुठली उधारी किती दिवसांची झाली ते बोटांवर मोजावं लागत नाही. चार्टला वर्णन लिहिता येतं, ज्याला दिसत नाही त्याचं वाचक यंत्र ते वाचून दाखवतं, आणि हे वर्णन लिहिणं परीक्षेच्या अभ्यासक्रमात आहे. ते वाचून मला फार बरं वाटलं. कुणीतरी कुठेतरी बसून एवढा विचार केला होता.

जूनच्या टू-बीला मी पहिल्यांदा व्हीलुकअप लावलं. जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून एक चावी तयार करायची, दोन्ही याद्यांत, आणि एका यादीतली चावी दुसरीत शोधायची. सूत्र लिहिलं, खाली ओढलं. ३१२ बिलं होती. सरसर उत्तरं आली, आणि त्यांत मध्ये मध्ये 'एन/ए', 'एन/ए', 'एन/ए', म्हणजे सापडलं नाही. मोजले तर एकसष्ट. मला वाटलं, पार्ट्यांनी बिलं चढवलीच नाहीत. पहिलं काढून पाहिलं. आमच्याकडे नंबर आहे, टू-बीत तोच नंबर आहे, बिल नंबर तोच, रक्कम पैशापर्यंत तीच. डोळ्याला काही म्हणता काही फरक नाही. दुसरं, तिसरं, चौथं, सगळी तशीच. साडेसहा वाजले होते. मी ड्रॉवर उघडून फूटपट्टी आणि पेन्सिल बाहेर काढली. खरं सांगते, त्या क्षणी मला जरा हायसंच वाटलं. आपलंच बरोबर होतं, यंत्रावर विसंबता येत नाही, असं काहीतरी.

मग सकाळीच शिकलेलं 'लेन' आठवलं. सेलमध्ये किती अक्षरं आहेत तेवढंच ते सांगतं. क्लासमध्ये वाटलं होतं, याचा कुणाला काय उपयोग. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, आपल्या महाराष्ट्राचा सत्तावीसनं सुरू होणारा. न जुळलेल्या पहिल्या नंबरावर मी लेन लावलं.

सोळा.

पुन्हा लावलं. सोळा. खालच्यावर, सोळा. त्याच्या खालच्यावर, सोळा. टू-बीतल्या नंबरावर लावलं, पंधरा. मी सेलमध्ये शिरून कर्सर अगदी टोकाला नेला आणि पाहिलं, तर शेवटच्या अक्षराच्या आणि कर्सरच्या मध्ये एक बारीकशी मोकळी जागा होती. नंबरानंतर एक स्पेस. ती एकसष्टच्या एकसष्ट बिलं मी टाइप केलेली होती. जुळलेली होती ती त्या नव्या पोरानं भरलेली. शब्द संपला की अंगठा पडलाच पाहिजे. नंबर संपला की माझा अंगठा पडत होता, आणि मग एंटर. नुसता आकडा असता तर एक्सेलनं ती जागा गिळून टाकली असती, पण जीएसटी नंबरात अक्षरंही असतात, त्यामुळे ती जागा जशीच्या तशी राहत होती, कुणालाही न दिसता, दर महिन्याला, दर ओळीत. मी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून बसून राहिले. बाहेर हातगाडीवाले एकमेकांना बाजू मागत होते. माझ्या उजव्या अंगठ्याकडे मी इतकं निरखून आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या कडेला एक घट्टा आहे, लहानपणापासूनचा, बाबांच्या मराठी मशीनच्या जड स्पेसबारचा.

अशा जागा काढून टाकायला 'ट्रिम' नावाचं फंक्शन आहे. ते लावलं आणि एकसष्टपैकी अठ्ठावन्न बिलं एका क्षणात जुळली. उरली तीन, आणि त्या तीन पार्ट्यांनी खरोखरच बिलं चढवलेली नव्हती. त्यांना फोन केले. सात वाजून दहा मिनिटांनी मी शटर ओढलं.

परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. हजारपैकी सातशे लागतात, मला ६६८ मिळाले. पन्नास मिनिटं असतात, प्रश्नाला टिक करायची भानगड नाही, खरंच एक्सेल समोर उघडतं आणि खाली एकेक काम सांगितलेलं असतं, ते करून दाखवायचं. छोटे छोटे प्रकल्प, प्रत्येकात पाच-सहा कामं. पहिल्याच प्रकल्पात एका टेबलाची रेंज चुकीची धरली गेली आणि तिथून माझा तोल गेला. चुकलं तर मागे फिरता येतं, अख्खा प्रकल्प नव्यानं सुरू करायचं बटणही असतं, आणि शेवटी काय तयार झालं तेवढंच तपासलं जातं, तुम्ही कितीदा मागे फिरलात ते कुणी मोजत नाही. हे सगळं मॅडमनी सांगितलं होतं. पण त्या खोलीत, मनगटावरचं घड्याळ बाहेर काढून ठेवलेलं, समोर सेकंद कमी होत जाताना, मी ते बटण दाबूच शकले नाही. हात तिथं जाईना. जे उमटलं ते उमटलं. चुकलेल्या टेबलावरच मी पुढची कामं करत गेले आणि सगळी चुकत गेली. निकाल जागेवरच दिसतो. आकडा पाहून उठले, चप्पल घातली आणि झाशी राणी चौकापर्यंत चालत गेले, मेट्रोचं कार्ड हातात असून.

दुसऱ्यांदा बसले ती मारबतीच्या पुढच्या आठवड्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्या दिवशी इतवारीत काम होत नाहीच. सकाळपासून ढोल, पिवळी मारबत, काळी मारबत, बडगे, आणि गल्लीगल्लीतून 'घेऊन जाय गे मारबत'ची आरोळी. आमच्या पेढीच्या गच्चीवरून मी दरवर्षी पाहते. यंदा मुलगी नव्हती शेजारी, ती पंधरा दिवसांपूर्वीच पुण्याला गेली होती. लोक रोगराई, महागाई, काय काय घेऊन जायला सांगतात तिला. मी मनात म्हटलं, माझ्या हाताची ही भीती ने. आणि परीक्षेत चौथ्या प्रकल्पात चार्ट भलत्याच रेंजवर बसला तेव्हा मी ते बटण दाबलं. अख्खा प्रकल्प कोरा झाला. छातीत धस्स झालं, पण मिनिटभरानं लक्षात आलं की दुसऱ्यांदा करताना तेच काम निम्म्या वेळात होतंय. ८५२ आले.

सर्टिफिकेट हल्ली ऑनलाइन येतं. पण बाबांना स्क्रीनवर दाखवून काय होणार, म्हणून बर्डीवरून रंगीत प्रिंट काढून, लॅमिनेट करून महालात नेलं. बाबा सत्त्याहत्तरचे आहेत. सरकारी टायपिंगची परीक्षा संगणकावर गेली तेव्हा त्यांनी इन्स्टिट्यूट बंद केली. तेरा मशीन भंगारात गेल्या, एक मराठी रेमिंग्टन त्यांच्या खाटेशेजारी आहे, तिच्यावर औषधांचा डबा असतो. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि विचारलं, "स्पीड किती होती?" मी सांगितलं की यात स्पीड नसते, पन्नास मिनिटांत कामं पुरी करायची असतात. "मग चुका किती?" मी सांगितलं की चुकलं तर पुन्हा करू देतात. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग मी त्यांना सोळाव्या अक्षराची गोष्ट सांगितली. सांगावी की नाही याचा मी येताना मेट्रोत सगळा वेळ विचार केला होता. त्यांनी ऐकून घेतलं, आणि त्यांचा उजवा अंगठा गोधडीवर दोनदा हलला. म्हणाले, "जागा तर सोडाच लागते, बेटा. नाही सोडली तर शब्द शब्दाला चिकटते." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "नंबरानंतर नव्हती सोडायची. ते मी नाही सांगितलं." माझ्याच्यानं काही बोलवेना. मी डबा बाजूला ठेवून मशीन पुसून घेतली.

पेढीवर त्या पोराला मी पेढा दिला आणि म्हटलं, "एप्रिलमध्ये मी तुला खोटं सांगितलं होतं. मला येत नव्हतं ते." तो गोंधळला. म्हणाला, "काय सांगता काकू! तुम्ही इतकं फास्ट टाइप करता, मला वाटलं तुम्हाला तर येतच असन. काही कारण असन म्हणून हातानं करून राहिल्या." बस, तेवढंच. मग तो पेढा खात खात त्याच्या टेबलावर गेला.

सप्टेंबरची टू-बी मी सोळा तारखेला दुपारी घेतली. ट्रिम, चावी, लुकअप, न जुळलेली सात बिलं, सात फोन. एकेक ओळ फूटपट्टीखाली धरत होते तेव्हा प्रत्येक पार्टीचं नाव महिन्यातून एकदा डोळ्यांखालून जायचं, कुणाचं बिल उशिरा येतंय, कुणाचा माल कमी झालाय, कुणाच्या मुलानं आता धंदा हातात घेतलाय, हे त्या ओळींवरूनच कळायचं. आता ती नावं वरून खाली सरकतात आणि मी फक्त न जुळलेली वाचते. त्याची मला चुटपुट आहे. जुळलेल्यांतलीही दहावीस नावं मी उगाच वाचून काढते. तेवढं करूनही सतरा तारखेला सगळं आटोपलं तेव्हा घड्याळात पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. शेठजींनी वर पाहिलं, काही म्हणाले नाहीत. बाहेर उजेड होता. संत्र्याच्या बर्फीच्या दुकानापाशी नेहमीच्या वेळी मला कधी दिसत नाही ती गर्दी होती. मेट्रोत बसायला जागा मिळाली नाही, कारण ही सगळ्यांची सुटायची वेळ असते, हे मला ठाऊक नव्हतं.

घरी कुलूप काढलं. यांची दुसरी पाळी. ओट्यावर पडदा न सारलेल्या खिडकीतून ऊन आलेलं होतं, पार भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत. तिथं संध्याकाळी ऊन येतं हे मी महिन्यातले हे सहा दिवस सोडून एरवी पाहिलेलंच असणार, तरी नवं वाटलं. चहा ठेवला, सवयीनं दोन कप पाणी घातलं. मग मुलीला फोन लावला. तिच्याकडे मेसचा कल्ला चालू होता, भांड्यांचा आवाज, कुणीतरी हसत होतं.

"आई?" ती म्हणाली. "आज तर सतरा तारीख नं? तू घरी कशी?"